डोकी किती टाकायची?

फ्लेक्सच्या दुकानात पहिला प्रश्न मापाचा असतो आणि दुसरा डोक्यांचा. ‘दहा बाय वीस ना? बरं, डोकी किती टाकायची?’ कॉम्प्युटरसमोरचा पोरगा हे मान वर न करता विचारतो. गिऱ्हाइकालाही त्यात काही वावगं वाटत नाही. खिशातून यादी निघते.

डोक्यांची मांडणी आता सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. सगळ्यात वर, चौकटीला चिकटून, दिल्ली-मुंबईची डोकी. छोटी, गोल, पण वरची. मध्ये ज्याचा वाढदिवस तो. कमरेपासून वर, पांढरा शर्ट, एक तर हात जोडलेले, नाहीतर मोबाइल कानाला लावलेला. पलीकडून कोण बोलतंय ते आजवर कुणाला कळलेलं नाही. त्याचं डोकं वरच्या सगळ्या डोक्यांच्या बेरजेहून मोठं. आणि तळाला, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनांत, शुभेच्छुक.

भांडणं होतात ती तळाच्या रांगेत. माझा फोटो त्याच्या नंतर का? माझ्या नावापुढे ‘भाऊ’ का नाही? मला मागच्या वेळी दुसऱ्या रांगेत टाकलं होतं, या वेळी पहिलीत घ्या, नाहीतर वर्गणी देत नाही. डिझाइन करणारा पोरगा हे तंटे रोज सोडवतो. गावातल्या कुणाचा भाव वधारलाय आणि कुणाचा उतरलाय, हे त्याला वार्ताहरांच्या आधी कळतं. पक्ष बदलला की त्याला फक्त वरची रांग बदलावी लागते. मधला माणूस तोच, शर्ट तोच, फोनही तोच.

पैसे कोण देतं? ‘शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार’ असं छापलेलं असतं, पण बिल बऱ्याचदा ज्याचा वाढदिवस त्याच्याच नावावर फाटतं. म्हणजे माणूस स्वतःला आभाळभर शुभेच्छा देतो, खाली मित्रांच्या सह्या करतो आणि मग सकाळी चौकात जाऊन त्या शुभेच्छांचा नम्रपणे स्वीकार करतो. वर पुन्हा ‘कार्यकर्त्यांचं प्रेम आहे, त्यांना नाही म्हणवत नाही’ हे आहेच.

अशा माणसासाठी हल्ली ‘नार्सिसिस्ट’ हा शब्द सर्रास वापरतात. सासू, बॉस, सोडून गेलेला मित्र, सगळे एकदमच नार्सिसिस्ट निघालेत. खरं तर अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत हा व्यक्तिमत्त्व-विकार म्हणून १९८० पासून नोंदलेला आहे. तिच्या आजच्या आवृत्तीत त्याची नऊ लक्षणं आहेत आणि निदानासाठी त्यांतली निदान पाच दिसावी लागतात. आपण फार थोर आहोत ही समजूत, अखंड कौतुकाची भूक, आपल्याला खास वागणूक मिळालीच पाहिजे हा हट्ट, दुसऱ्याच्या दुःखाची दखल नसणं, असं ते चालतं. ही यादी घेऊन कुठल्याही तालुक्याच्या बस स्टँडसमोर उभं राहावं. पाच लक्षणं पहिल्याच खांबावर सापडतील. पण निदान करायचं काम डॉक्टरांचं. सदर लिहिणाऱ्याचं काम फक्त खांब दाखवायचं.

आणि हा शब्द ज्याच्यावरून आला त्या ग्रीक नार्सिससवर हा अन्यायही आहे. रोमन कवी ओव्हिडनं सांगितलेल्या गोष्टीतला तो तरुण पाण्यात आपलं रूप बघून वेडा झाला हे खरं, पण त्याला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या एकोलासुद्धा त्यानं झिडकारलं. तो एकटा तळ्याकाठी झुरला आणि मेला, कुणाकडे वर्गणी मागितली नाही. आमच्याकडच्याला तळं पुरत नाही. त्याला तळ्याभोवती माणसं लागतात, त्या माणसांनी टाळ्या वाजवायला लागतात आणि उद्याच्या पेपरात तळ्याचा फोटो लागतो. फ्रॉइडनं १९१४ मध्ये आत्मप्रेमावर निबंध लिहिला, तेव्हा त्याच्यासमोर व्हिएन्नातले पेशंट होते. आमचा पुढारी समोर असता तर त्यानं शीर्षक बदललं असतं. स्वतःवर प्रेम असलेला माणूस आरशात बघून घरी बसतो. ज्याला स्वतःबद्दल खात्री नाही तोच दर वर्षी वाढदिवसाला गावाला विचारतो, मी आहे ना?

आमच्या समर्थांचं निदान त्याहून रोखठोक होतं. दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना त्यांनी स्वतःची स्तुती स्वतः करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारा, दोघांना एकाच ओवीत बसवलंय. म्हणजे ‘कार्यसम्राट’ही गेला आणि ‘कार्यसम्राटांचे सुपुत्र’ही गेला. तेव्हा फ्लेक्स नव्हते, एवढ्यावर थोडक्यात निभावलं.

आता पदांकडे वळू. फ्लेक्सवर पदं तीनच असतात : माजी, विद्यमान आणि भावी. गंमत अशी की २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक कारभार बघत होते. या काळात या दोन मोठ्या शहरांत एकही विद्यमान नगरसेवक नव्हता. होते ते फक्त माजी आणि भावी. पण कुठल्या चौकात फ्लेक्स कमी झाले का? उलट वाढले. खुर्ची रिकामी असली की तिच्यावर बसल्याचे फोटो कितीही जणांना काढता येतात. नगरसेवक होण्यापेक्षा भावी नगरसेवक असणं केव्हाही सुखाचं. नळाला पाणी का येत नाही, हे भावीला कुणी विचारत नाही.

हा आजार खालून वर जातो की वरून खाली, यावर वाद घालता येईल. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईत राष्ट्रवादी काँग्रेसच्या कार्यालयाबाहेर जयंत पाटील, अजित पवार आणि सुप्रिया सुळे यांचे ‘भावी मुख्यमंत्री’ म्हणून फलक लागले. काही दिवसांच्या अंतरानं, एकामागून एक. एक पक्ष, एक खुर्ची, भावी तीन. आणि त्या वेळी तो पक्ष विरोधात होता. कार्यकर्त्यांचा उत्साह, असं स्पष्टीकरण अशा वेळी ठरलेलंच असतं. कार्यकर्त्यांचा उत्साह ही महाराष्ट्रातली सगळ्यात सोयीची अज्ञात शक्ती आहे.

वाढदिवस परवडले म्हणावं, असे फ्लेक्स म्हणजे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे. इथे तरी मध्ये मेलेला माणूस हवा. असतो, पण लहान. खाली ‘शोकाकुल’ म्हणून ज्यांची डोकी येतात त्यांची जागा वाढत वाढत दिवंगताच्या छातीपर्यंत पोचलेली असते. शोकाकुलांपैकी निम्मे हसतायत, कारण फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून उचललेला. गॉगलही तसाच. गेलेल्या आजीला आयुष्यात रेशनच्या रांगेत कुणी पुढे घेतलं नाही. मेल्यावर मात्र ती अकरा भावी लोकांच्या उपयोगी पडली.

जिथे फ्लेक्स लावता येत नाही तिथे माइक असतो. कार्यक्रम दहाला, सुरुवात पावणेबाराला, कारण प्रमुख पाहुणे अजून दुसऱ्या ठिकाणी प्रमुख पाहुणे आहेत. मग व्यासपीठ. पंधरा खुर्च्या मांडल्या तर एकवीस मान्यवर येतात. सहा जण मागे उभे राहतात आणि ‘नाही नाही, मी खालीच बरा’ म्हणत वरच थांबतात. सूत्रसंचालक नावं वाचायला लागतो. मध्येच चिठ्ठी येते. तो थांबतो, चिठ्ठी वाचतो, घसा साफ करतो : ‘आपल्यामध्ये उपस्थित आहेत...’ अशा चिठ्ठीवरचं अक्षर कित्येकदा खुद्द उपस्थिताचंच असतं. चाळीस नावं झाल्यावर ‘नजरचुकीनं कुणाचं नाव राहिलं असल्यास दिलगिरी’ येते, आणि ती येताच नाव राहिलेला माणूस उठून निघून जातो. तो गेल्याचं सगळ्यांना दिसेल अशा बेतानं, मधल्या वाटेनं. मग सत्कार. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फेटा. ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे त्या दहावीतल्या गुणवंत पोरांचा नंबर लागेपर्यंत दुपारचं ऊन मांडवात उतरलेलं असतं. त्यांना दोन-दोनच्या जोडीनं उरकतात. फोटोत पोरगं कडेला आणि मध्ये चार मान्यवर. एक वही सात हातांनी धरलेली.

लग्नं तरी सुटावीत. पश्चिम महाराष्ट्रात गोरज मुहूर्ताचा मिनिटागणिक हिशोब घालून पत्रिका छापतात आणि मग नेते येईपर्यंत नवरा-नवरीला आंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत ठेवतात. नेते आले की आशीर्वादपर दोन शब्द. दोन शब्द वीस मिनिटं चालतात. त्यात धरणाचं पाणी येतं, उसाचा दर येतो, शेवटी नवऱ्याचं नाव येतं, तेही कागदात बघून. भटजी घड्याळाकडे बघतात, आचारी भटजींकडे बघतो. अक्षता हातात धरून लोकांच्या मुठी ओल्या होतात. पत्रिकेतल्या नावांबद्दल न बोललेलंच बरं. निमंत्रक, स्वागतोत्सुक, कार्यवाहक, प्रेषक अशा पदांवर अख्खी भावकी बसवूनही एका चुलत्याचं नाव राहतंच आणि तो लग्नाला येत नाही. पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला नारायण दुसऱ्याच्या घरचं अख्खं लग्न पार पाडायचा. आज तो असता तर त्याला व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद मागावं लागलं असतं, नाहीतर ‘कोण हा?’ म्हणून दारावर अडवला असता.

उपाध्यांचा बाजार वेगळाच. घटनेच्या १८ व्या कलमानं या देशात किताब बंद केले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, पण म्हणूनच ते नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. म्हणजे पद्मश्री मिळालेल्यानं पद्मश्री लावायची नाही. पण कुण्या संस्थेनं हॉटेलच्या हॉलमध्ये तीस जणांना एकदम वाटलेला ‘समाजभूषण’ नावाआधी लावला तर विचारणारं कोणी नाही. त्याच हॉलमध्ये कधी मानद डॉक्टरेटही वाटतात. काळा झगा, चौकोनी टोपी, सगळं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी द्यायचा अधिकार कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे, हे झगा घालणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण सोमवारी पाटी बदलते. ‘डॉ.’ येतं. आठवड्यानंतर शेजारच्या काकू गुडघेदुखीवर औषध विचारायला येतात, तेवढाच काय तो त्रास.

वर बसलेले तरी शहाणे आहेत का? २०१५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याशिवाय कुणाचे फोटो छापू नका, लोकांचे पैसे आहेत. साधी गोष्ट होती. राज्य सरकारं फेरविचाराची मागणी घेऊन गेली आणि २०१६ च्या मार्चमध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री यांचे फोटो परत आले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांची सरकारं स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत एका सुरात बोलली.

मग २०१७ मध्ये, नेमक्या १ मे रोजी, गाड्यांवरचे लाल दिवे गेले. दिवा गेला तशा काचेवर पाट्या आल्या, पाट्यांवर कारवाई होते म्हणताच नंबर प्लेटी बोलायला लागल्या. ४१४१ असं वळवून लिहायचं की ‘दादा’ वाचता येतो. सरकारनं ही भूक बरोबर ओळखली आणि तिचा दर ठरवला. २०२४ मध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाचं शुल्क ४ लाखांवरून ६ लाख रुपये झालं. सहा लाख रुपयांत नवी गाडी येते. इथे ते तीन शून्यं आणि एक एकडा एवढ्यासाठी जातात. या एका बाबतीत मी सरकारच्या बाजूनं आहे. दर आणखी वाढवा.

इथपर्यंत हसणं सोपं आहे. पण तळाच्या रांगेतल्या त्या तिकिटाएवढ्या डोक्यांपाशी माझं हसू जरा अडतं.

त्यांतलं एखादं पोरगं तेवीस-चोवीस वर्षांचं. बी.ए. झालेलं किंवा राहिलेलं. घरी दीड-दोन एकर, त्यात वाटणी. पोलीस भरतीला पळून आलं, उंचीत किंवा मेरिटमध्ये गेलं. लग्नाचं बघतायत, पण मुलीकडचे नोकरी विचारतात. हे पोरगं तलाठी ऑफिसात सातबारा आणायला गेलं तर ‘उद्या या’. बँकेत गेलं तर ‘साहेब जेवायला गेलेत’. सरकारी दवाखान्यात वडिलांना घेऊन गेलं तर ‘थांबा’. टेबलापलीकडचा माणूस त्याच्याकडे बघतच नाही. आणि मग एके दिवशी गावातल्या पुढाऱ्याच्या, म्हणजे दादांच्या, फ्लेक्सवर खालून दुसऱ्या रांगेत त्याचा फोटो येतो. पुढच्या आठवड्यात तोच टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, ‘तुम्ही दादांचे ना? बसा की.’

हा ‘बसा की’ विकत घेण्यासाठी त्यानं पाचशे रुपये वर्गणी दिलेली असते. त्याला आत्ममग्न म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या राज्यात ओळखीशिवाय कागद हलत नाही तिथे चौकातला फोटो हे ओळखपत्रच आहे, आणि आधार कार्डापेक्षा ते जास्त ठिकाणी चालतं. खालच्या डोक्याला भूक आहे. मधल्या डोक्याला रोग आहे. आणि मधलं डोकं खालच्याच्या भुकेवर पोसलेलं आहे, कारण ज्या दिवशी टेबलापलीकडचा माणूस कुणालाही ‘बसा की’ म्हणायला लागेल, त्या दिवशी दादांना मोबाइल कानाला लावून फोटो काढायचं कारण उरणार नाही. पलीकडे कोणी नसेलच बोलायला.

दादांना हे नीट कळतं. म्हणून ते तलाठ्याला ‘सगळ्यांची कामं वेळेत कर’ असा फोन करत नाहीत. ते ‘माझ्या या पोराचं काम कर’ असा फोन करतात. पहिल्या फोननं गाव सुधारलं असतं. दुसऱ्या फोननं पोरगं बांधलं जातं, आणि पुढच्या वाढदिवसाला एक डोकं वाढतं.

‘फ्लेक्सनं कुणाचं काय बिघडतं, दोन दिवस असतो नि जातो,’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना चेन्नईची गोष्ट सांगावी. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिथे स्कूटरवरून घरी निघालेल्या तेवीस वर्षांच्या एका सॉफ्टवेअर इंजिनीअर मुलीवर रस्त्यात लावलेला फलक पडला. ती खाली कोसळली आणि मागून आलेल्या टँकरखाली गेली. फलक कशाचा होता? सत्ताधारी पक्षाच्या एका माजी नगरसेवकाच्या मुलाच्या लग्नाचा. ती त्या लग्नाच्या वऱ्हाडातली नव्हती. तिचं नाव पत्रिकेत नव्हतं. आपल्याकडे सिग्नल झाकणारे, दुभाजकात बांबू ठोकून लावलेले, वळणावरची समोरची गाडी न दिसू देणारे फ्लेक्स रोजच्या वाटेवर आहेत. एखादा कुणावर पडला नाही, तर त्यात यंत्रणेचं कर्तृत्व काही नसतं. वारा कमी असतो.

कायदा आहे. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा कायदा १९९५ पासून लागू आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ च्या जानेवारीत बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला, पालिकांना काय काय करायचं ते बारकाईनं सांगितलं. त्यानंतरही न्यायालयाला पुन्हा पुन्हा तेच विचारावं लागलंय. पालिकेची गाडी येते तेव्हा बहुतेक वाढदिवस होऊन गेलेला असतो. फ्लेक्स उतरवून नेण्याचा खर्चही तिचाच, म्हणजे तुमचा. दादांचा तो खर्चही वाचला.

दंड दोन हजारांपर्यंतच, हे इथे लक्षात ठेवायचं. एका चौकातली छपाई, बांबू, सुतळी आणि पोरांचा चहा-वडापाव यांचाच हिशोब त्याच्या वर जातो. दंडाला कोण भितो?

तरी एक करून बघा. रीतसर परवानगी घेतलेली असेल तर तिचा क्रमांक आणि मुदत फ्लेक्सवर दिसायला हवी. तुमच्या चौकातल्या फ्लेक्सवर ती शोधा. नसेल तर फोटो काढा आणि महापालिकेकडे तक्रार करा. तक्रारीत आरोपीचं वर्णन लिहायची गरज नाही, त्याच्या छायाचित्रासकट ते तयार आहे. साथीदारांची नावं खाली ओळीनं दिलेली आहेत. आणि संपर्कासाठी मोबाइल नंबर लागलाच तर तो उजव्या कोपऱ्यात छापलेला असतो.